वाढत्या हाडाचा दावा

हाडाच्या उपचारात हयगय झाल्यास वैद्याकडून भरपाई मागण्याचा हक्क जुना आहे. मात्र उपचार लहान मुलावर झाला असेल, तर त्या मुलाला पुढे स्वतःच्या नावाने हा हक्क बजावता यावा, ही व्यवस्था निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या कारणांनी झालेल्या नियमांतून हळूहळू जुळून आली आहे, आणि त्यांतील सर्वांत मोलाचा नियम मुळात वैद्यकासाठी केलेलाच नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगितला आहे, जनावराच्या बाबतीत हलका आणि माणसाच्या बाबतीत मध्यम. पण तो दंड राजाचा, आणि ज्याचा पाय वाकडा राहिला त्याच्या हाती काही पडावे अशी सोय त्या श्लोकात नाही.

रुग्णाच्या हाती भरपाई देणारा एक आरंभीचा आणि आजही उद्धृत होणारा निवाडा १७६७ सालचा, इंग्लंडमधील ‘स्लेटर विरुद्ध बेकर आणि स्टेपल्टन’ या खटल्यातील आहे. मोडलेला पाय जुळत आलेला एक रुग्ण पट्टी काढून घेण्यासाठी गेला असता शल्यचिकित्सकाने आणि औषधविक्रेत्याने त्याचे जुळत आलेले हाड पुन्हा मोडले आणि पाय ताणून सरळ करण्यासाठी त्यावर एक जड पोलादी यंत्र चढवले. साक्षीला आलेल्या शल्यचिकित्सकांनीच ही पद्धत व्यवसायाच्या रिवाजाला सोडून असल्याचे सांगितल्याने ज्यूरीने ५०० पौंड भरपाई दिली. डॉक्टरची हयगय त्याच्या व्यवसायबंधूंच्या रिवाजावरून मोजायची ही रीत तिथपासून चालत आली आहे, आणि तिचे बळ व तिची मर्यादा दोन्ही एकाच गोष्टीत आहेत: व्यवसायबंधू साक्षीला उभे राहिले, तरच ती चालते.

भारतात या विषयाचा पाया घालणारा निवाडा महाराष्ट्रातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, आणि तीन दिवसांनी त्याला टॅक्सीने सुमारे २०० मैलांवरच्या पुण्याला आणण्यात आले. तेथे शल्यचिकित्सकाने त्याला भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, तीन माणसांकडून जोराने पाय ओढवून घेऊन हाड बसवले आणि प्लास्टर घातले, व त्याच रात्री तो मुलगा दगावला. हाड बसवण्याचा प्रयत्न आपण केलाच नव्हता, पाय फक्त स्थिर केला होता, असा बचाव करण्यात आला आणि मृत्यूच्या दाखल्यावर रक्तात चरबीचे कण अडकल्याचे कारण लिहिले गेले. न्यायालयांनी मात्र मृत्यू अतिरेकी ताणामुळे बसलेल्या धक्क्याने झाला असे मानले. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, आणि साध्या शेतकऱ्याच्या मुलावर असा प्रसंग आला असता तर तो दावा उभा तरी राहिला असता का, हा प्रश्न हे प्रकरण वाचताना टाळता येत नाही. पुण्याच्या न्यायालयाने मंजूर केलेले ३,००० रुपये मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवले, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या निवाड्यात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो काळजीपूर्वक करणे.

तो मुलगा कायद्याने सज्ञान होता आणि त्याची हानी त्याच दिवशी उघड झाली. लहान मुलाच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट किंवा वाढपट्टी म्हणतात, आणि हाड लांबीने वाढते ते तिथूनच. १९६३ साली टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या शल्यचिकित्सकांनी वाढपट्टीच्या इजांचे पाच प्रकार मांडले. त्यांतील पाचव्या प्रकारात ही पट्टी चेंगरली जाते, सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, आणि पुढे हाडाची वाढ खुंटली की मग निदान होते. खिळा किंवा स्क्रू या पट्टीतून चुकीचा गेला, तर पाचव्या वर्षी सरळ दिसणारा पाय दहाव्या वर्षी आखूड किंवा वाकडा झालेला असू शकतो. याउलट कोपराच्या वर हाड मोडलेल्या मुलाला घट्ट प्लास्टर घातले, तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून काही तासांतच कायमची हानी होते, बोटे आखडत जातात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे वर्णन केले असल्याने त्या व्यंगाला त्यांचे नाव मिळाले. अशा दाव्यात नर्सने रात्री बोटांचा रंग आणि हालचाल पाहिली होती का, मूल दुखते म्हणून रडत असताना प्लास्टर कापले का, या नोंदींना एक्स-रेपेक्षाही अधिक वजन येते.

उशिरा दिसणाऱ्या हानीला दाद मिळते ती मुदतीच्या कायद्यामुळे. इंग्लंडच्या १६२३ च्या कायद्यात अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, वादीला सवलत होती, ती मुख्यतः पैशाच्या आणि मालमत्तेच्या दाव्यांत पोरक्या वारसाचा हक्क बुडू नये म्हणून. हीच कल्पना भारतातील मुदतीच्या कायद्यांत उतरली आणि १९६३ च्या कायद्याच्या सहाव्या व आठव्या कलमांत टिकली. सॉल्टर आणि हॅरिस यांचे वर्गीकरण ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी ही कलमे नव्याने लिहिली गेली, हा योगायोग खरा. पण जमीनजुमल्यासाठी घडवलेली सवलत वाढपट्टीच्या इजेला जितकी चपखल बसते तितकी ती दुसऱ्या कोणत्याही इजेला क्वचितच बसत असेल. मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्या दाव्याची ठरलेली मुदत मोजायला लागते, मात्र ही वाढीव सवलत ३ वर्षांपुढे जात नाही. ग्राहक आयोगात मूळ मुदत दोनच वर्षांची आहे आणि उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवावे लागते, म्हणून घाईने तोच मार्ग निवडणाऱ्या पालकांनी हा फरक आधी समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

वेळ मिळाला तरी कार्यकारणाचा प्रश्न उरतो. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये १३ वर्षांचा एक मुलगा पडून त्याच्या खुब्याची वाढपट्टी दुखावली आणि रुग्णालयाला ते पाच दिवस कळले नाही. वेळेवर निदान होऊनही व्यंग येण्याची शक्यता ७५ टक्के होती असे ठरवून खालच्या न्यायालयाने त्याला एकूण नुकसानाचा चौथा हिस्सा दिला. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘हॉटसन’ निवाड्यात तोही काढून घेतला, कारण पडण्यानेच हानी झाली असण्याची शक्यता अधिक होती आणि जी शक्यता निम्म्याहून जड तीच पूर्ण सत्य धरायची हा दिवाणी नियम आहे. तर्काने हा निर्णय निर्दोष असला, तरी बरे होण्याची चारातली एक संधी ज्या मुलाकडून निष्काळजीपणे हिरावली गेली त्याच्या दृष्टीने तो कठोर आहे.

१९९५ मध्ये भारतीय सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरवली. १९९८ मध्ये, चुकीच्या इंजेक्शनने मेंदूला इजा झालेल्या एका मुलाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने मूल आणि आईबाप दोघेही ग्राहक असल्याचे सांगून मुलाला साडेबारा लाख आणि पालकांना त्यांच्या मानसिक यातनेबद्दल वेगळे पाच लाख रुपये कायम केले. मुलाचे दुःख आणि आईबापांचे दुःख हे दोन स्वतंत्र हक्क आहेत, हे त्यामुळे पक्के झाले. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे किंवा बापाचे नाव येते. दिवाणी दाव्यातही मूल वादी असते आणि वडीलधारे माणूस त्याच्या वतीने उभे राहते. मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशानुसार या पालनकर्त्याला न्यायालयाच्या परवानगीवाचून दाव्यात तडजोड करता येत नाही, आणि रुग्णालयाशी अशी तडजोड त्याने परस्पर केली असेल, तर ती रद्द करून मागण्याचा अधिकार त्या मुलालाच आहे.