फटफटीचें जुनें इंजिन : ठेवावें कीं मोडीत काढावें?

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते. त्या खाडीवरील पूल ओलांडला कीं भाट्ये गांव लागतें. तोच रस्ता पुढें पांवसकडे जातो. एका अंगास सुरूचें बन व त्यापलीकडे वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगास माडांच्या बागा. अशा गांवांतील एखाद्या घराच्या पडवींत गोणपाटाखालीं झांकलेलें फटफटीचें इंजिन दिसलें, तर पाहुण्यास ती अडगळ वाटते. घरधन्यास तसें वाटत नाहीं. गाडी दुसऱ्या इंजिनावर चालत असली, तरी हें अडीनडीला असावें, असें त्याचें म्हणणें असतें. आणि तेवढ्या जागेंत कोकमाच्या दोन बरण्या सहज राहतील, असें घरधनिणीचें. वाद घरगुती खरा, परंतु त्याच्या मुळाशीं सुमारें सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून या वादाचा निवाडा करतां येत नाहीं.

‘बुलेट’ हें नांव इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीनें १९३२ सालीं प्रथम वापरलें. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यास सरहद्दीवरील गस्तीसाठीं दणकट दुचाकी हवी होती. निवड बुलेटची झाली व १९५५ सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. (भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रही त्याच वर्षींचें, दोहोंचा संबंध एवढाच कीं, त्या काळीं देशांत जें तें नवें उभें राहत होतें.) आरंभीं सुटे भाग विलायतेहून येत व येथें जोडले जात; पुढें सांचे व यंत्रसामुग्रीच मद्रासेस आली. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला, १९७० सालीं विलायतेंतील कंपनीचें उत्पादनच संपलें, आणि मद्रासेची बुलेट मात्र चालू राहिली.

त्या इंजिनाची घडण वरवर पाहिली तरी पुरे. एकच नळकांडें, तें बिडाचें. व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर, एकूण आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. गिअरची पेटी वेगळी, मागून बोल्टांनीं जोडलेली. ही घडण जवळजवळ अर्धशतक मूलतः तशीच राहिली. मोटारींच्या जगांत ही गोष्ट मागासलेपणाची मानली जाते आणि टीकाकारांनीं तसें म्हटलेंही. परंतु ज्याच्या पडवींत १९७० सालचें इंजिन आहे व दारांत १९९० सालची गाडी आहे, त्याच्या दृष्टीनें या मागासलेपणासारखा दुसरा उपकार नाहीं. थोड्याफार फेरफारानें एकाचें दुसऱ्यास बसतें. १९९४ सालीं कंपनी आयशर समूहाकडे गेली, आणि २००९ च्या सुमारास इंजिन व गिअर एकाच कवचांत असलेली नवी रचना आली. तेथें हा धागा तुटला. नव्या सांगाड्याच्या गाडीसाठीं बिडाचें जुनें इंजिन जपून ठेवणारा गृहस्थ केवळ ओझें जपतो, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

जावाची गोष्ट निराळी आहे. मूळची ही चेकोस्लोव्हाकियाची गाडी मुंबईच्या इराणी कुटुंबानें म्हैसूर येथें आयडियल जावा कंपनी काढून १९६१ सालापासून तयार केली. पुढें ती ‘येझदी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. इंजिन दोन टप्प्यांचें, २५० घनसेंटिमीटरांचें. किक मारण्याचा दांडा आंत दाबून फिरविला कीं तोच गिअरचा दांडा होई. १९८० नंतर जपानी सहकार्यानें निघालेल्या कमी तेल खाणाऱ्या शंभर घनसेंटिमीटरांच्या गाड्यांपुढें तिचा टिकाव लागेना, धुराचे नियमही कडक होत गेले, आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव पुन्हा बाजारांत आलें, परंतु इंजिन चार टप्प्यांचें व पाण्यानें थंड होणारें. त्यांतला एक खिळाही जुन्या जावास उपयोगी नाहीं. म्हणून जुन्या जावाच्या धन्यास दुसरें इंजिन म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याचा उरलेला तुकडाच होय. त्यानें तें विकूं नये.

जादा इंजिन बाळगण्याची ही रीत केवळ हौशी लोकांची नव्हे. मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर धांवली. ज्यांच्या पदरीं शेंकडों गाड्या आहेत, त्यांस बिघडलेलें इंजिन काढून तयार इंजिन चढविणें व गाडी रस्त्यावर ठेवणें हेंच परवडतें. कायद्यानेंही ही गरज ओळखली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत, दहा किंवा अधिक वाहतुकीचीं वाहनें बाळगणाऱ्यास त्याच बनावटीचें व जातीचें इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या वेगळ्या मंजुरीवांचून बदलण्याची मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारास ठेवला होता. एका फटफटीच्या धन्यास ही सवलत नाहीं. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो. तो बदलला कीं कचेरींत जाऊन मंजुरी घ्यावी लागते, आणि इंजिन कोठून आलें तें दाखवावें लागतें. मोडबाजारांतून घेतलेल्या, क्रमांक घासलेल्या इंजिनाच्या बाबतींत हा प्रश्न विचारला गेला म्हणजे धन्याची तारांबळ उडते.

यापेक्षांही मोठा प्रश्न असा कीं, तें इंजिन मुळांत काढलें कां? बहुधा तें आवाज करूं लागलें, तेल पिऊं लागलें म्हणूनच उतरविलें गेलेलें असतें. असें इंजिन राखीव नसून रोगी असतें. जुन्या बुलेटच्या मोठ्या कडीतील सैल फिरणारें बुश तेलाच्या तुटवड्यानें एकदां खरवडलें गेलें, कीं नळकांडें कितीही चकचकीत असलें तरी व्यर्थ. जावांत आंसाच्या दोन्ही टोकांचीं रबरी सीलें नुसतें पडून राहूनही कडक होतात, आणि मग इंजिन गिअरचें तेल ओढून पांढऱ्या धुराचे लोट सोडतें. दुसराही एक धोका अनुभवी मिस्त्री सांगतात : पडून असलेल्या इंजिनावर सर्वांचा डोळा असतो. आज कार्बुरेटर काढला, उद्यां पंप. पांच वर्षांनीं कवच तेवढें उरतें, आणि धनी मात्र आपल्याजवळ जादा इंजिन आहे या समजुतींत असतो. तेव्हां जें उद्यां चढवून चालवितां येईल, तेवढेंच अखंड ठेवावें. बाकीचें उघडून कवच, आंस व डोकें हे मोठे भाग राखावे. दट्ट्याच्या रिंगांसाठीं आख्खें इंजिन सांभाळण्यांत अर्थ नाहीं.

आणि भाट्याची हवा! चार महिन्यांत येथें तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि वर्षभर वाऱ्याबरोबर मीठ येतें. त्यानें अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, बिडाच्या नळकांड्याशीं रिंगा गंजून चिकटतात. गोणपाट हें तर सर्वांत वाईट आच्छादन. तें ओल शोषून घेऊन धातूशीं धरून ठेवतें. कवचांत ताजें तेल भरावें, प्लगच्या भोंकांतून थोडें तेल सोडून आंस हातानें फिरवावा, सर्व तोंडें लांकडी खुंट्यांनीं बंद करावीं, आणि इंजिन जमिनीवर न ठेवतां लांकडी ठोकळ्यांवर, कोरड्या माळ्यावर न्यावें. पावसाळ्यापूर्वीं एकदां व दिवाळींत एकदां आंस पुन्हा फिरवून पाहावा. तो अडला तर ताबडतोब खोलावें. इंजिनाची खरेदीची पावती नोंदणीपुस्तकाबरोबर घरच्या कागदांच्या पेटींत ठेवावी. इंजिनासच बांधून ठेवलेली चिठ्ठी दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाचतां येत नाहीं.