मुखवट्याआडची अदब

शिमग्यातली सोंगं महाड-पोलादपूरकडच्या मुलांना सांगायला नकोत. दापोली-गुहागरकडचा संकासुरही अनेकांनी पाहिलेला असतो. काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. सोंग घेतलं की एरवी न खपणारी थट्टा तेवढे दिवस खपून जाते. त्यामुळे मुखवटा म्हणजे धांगडधिंगा, असं आपल्या मनात बसलेलं असतं. अठराव्या शतकातल्या व्हेनिसला मात्र ते लागू पडत नाही.

इटलीच्या ईशान्येला खाडीतल्या बेटांवर वसलेलं हे व्यापारी प्रजासत्ताक. तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नाताळच्या आधीपर्यंत, मग २६ डिसेंबरपासून ईस्टरपूर्वीच्या उपवासापर्यंत आणि पुढे असेन्शनच्या सणाला पंधरा दिवस मुखवटा घालून हिंडायची मुभा असे. म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष! लोक मुखवट्यानिशी नाटकाला जात, कॉफी पीत, भेटीगाठी घेत.

या वेषाला ‘बाउता’ म्हणत. काळा झगा, डोक्यावरून खांद्यापर्यंत काळं वस्त्र, तिकोनी टोपी आणि पांढरा मुखवटा. मुखवट्याला तोंड नसे, पण त्याची खालची बाजू पुढे आलेली असे. त्यामुळे तो न काढता खाता-पिता येई. बाई असो वा पुरुष, वेष हाच. (आज पर्यटकांना विकतात तो चोचीचा मुखवटा या वेषातला नव्हे.)

एवढं झाकून घ्यायचं कशासाठी? परदेशी प्रवाशांना त्यात छचोरपणाच दिसला. पण शहर लहान, गल्ल्या अरुंद. चालण्या-बोलण्यावरून माणूस ओळखू येईच. ओळखूनही ओळख न दाखवणं, ही खरी रीत होती. भेटेल त्याला ‘मुखवटेबाई’ अशा अर्थाचं एकच संबोधन, मग आत उमराव असो की दुकानदार.

उमरावांवर बंधनं फार. चारचौघांत वावरताना काळा झगा सक्तीचा, परदेशी वकिलांशी बोलायला कायद्याने मनाई. मुखवटा चढवला की मानपान, मुजरे बाजूला ठेवता येत. १६३८ मध्ये सरकारनेच जुगारघर उघडलं, तेही मुखवट्याच्या अटीवर. पत्ते वाटणारे उमराव तेवढे उघड्या चेहऱ्याने बसत. ते १७७४ मध्ये बंद झालं. दारिद्र्यात गेलेले घरंदाज लोक तर मुखवटा घालून भीक मागत. भीकही मिळे, अब्रूही राही! मला वाटतं, या मुखवट्याने उच्चनीच भेद पुसला नाही, उलट सांभाळला. चेहरा झाकलेला असताना घडलेल्या सलगीचा हिशेब दुसऱ्या दिवशी कुणी मागत नसे.

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळलं आणि ही रोजची चालही मोडली.

वर्गात दाखवायला पिएत्रो लोंगी याचं १७५१ सालचं एक चित्र चांगलं आहे. बाउता घातलेला एक पुरुष त्यात आहे. एका बाईचा काळा, गोल मुखवटा आतलं बटण दातांत धरून ठेवायचा असे, बोलणंच बंद! हे सारे पाहायला आले आहेत ते एका गेंड्याच्या मादीला. तिचं नाव क्लारा. ती आसामची, १७४१ मध्ये एका डच कप्तानाने तिला युरोपात नेलं होतं.