हरवलेल्या अर्थांच्या शोधात : जुने वेल्श शब्द आणि पदव्या

उत्तर वेल्समध्ये ल्लानगोल्लेन या गावाजवळ एका टेकाडावर दगडाचा मोडका स्तंभ उभा आहे. ‘एलिसेगचा स्तंभ’ या नावाने तो ओळखला जातो. नवव्या शतकात पोविस राज्याचा राजा किन्गेन याने आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ तो उभारला. मुळात हा एक उंच क्रूस होता. जवळच १२०१ साली स्थापन झालेल्या सिस्टर्शियन मठाला ‘क्रूसाची दरी’ हे नाव त्याच्यावरूनच मिळाले. किन्गेन राजा उतारवयात यात्रेकरू म्हणून रोमला गेला आणि इ.स. ८५४ च्या सुमारास तेथेच मरण पावला. स्तंभावर त्याने लॅटिन भाषेत लांबलचक लेख कोरवून घेतला होता. जो कोणी हा लेख वाचील, त्याने एलिसेगच्या आत्म्यासाठी आशीर्वाद मागावा, अशी विनंती त्यात होती.

आज त्या दगडावरची अक्षरे वाचता येत नाहीत. १६९६ साली एडवर्ड ल्लुइड या विद्वानाने जेवढी दिसली तेवढी अक्षरे उतरवून घेतली, म्हणून लेखाचा काही भाग तरी आपल्या हाती राहिला. त्यातही एक गंमत आहे. राजाचे खरे नाव ‘एलिसेद’ असावे आणि शेवटचे अक्षर कोरताना किंवा उतरवून घेताना चुकले असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याच्यासाठी प्रार्थना मागितली, त्याचे नावच चुकलेले! परमेश्वराला तो कोण हे ठाऊक आहे, एवढेच समाधान.

या स्तंभाप्रमाणेच जुन्या वेल्श भाषेतील कितीतरी शब्द झिजून गेले आहेत. शब्द उरला, त्याचा उच्चार उरला; परंतु तो प्रथम वापरणाऱ्याच्या मनात काय होते, ते निसटले. अशी रिकामी जागा माणसाला सहसा सहन होत नाही. तो तेथे एखादी कथा आणून बसवतो आणि पुढच्या पिढ्या त्या कथेलाच इतिहास समजतात. पुढील काही उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

‘ग्व्लेदिग’ ही पदवी प्रथम पाहू. जुन्या वेल्श परंपरेत ती मोजक्याच पुरुषांना लाभली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे माक्सेन. हा माक्सेन म्हणजे रोमन सेनानी माग्नुस माक्सिमुस. इ.स. ३८३ मध्ये ब्रिटनमधील सैन्याने त्याला सम्राट घोषित केले आणि ३८८ मध्ये इटलीतील आक्विलेया येथे त्याचा वध झाला. ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्याचे नाव वेगळ्याच कारणासाठी येते. प्रिसिलियन या पाखंडी ठरवलेल्या बिशपला त्याने ट्रियर शहरात देहान्ताची शिक्षा दिली. धर्ममताच्या वादात तलवार आणू नये, म्हणून तूरचे संत मार्टिन यांनी त्याच्याकडे रदबदली केली होती. मिलानचे संत अँब्रोज यांनाही राजदूत म्हणून त्याच्या दरबारी जावे लागले होते. वेल्श कथेतला माक्सेन मात्र स्वप्नात पाहिलेल्या सुंदरीच्या शोधात वेल्समध्ये येणारा रोमचा सम्राट आहे. माणूस एकच, आठवणी दोन.

पण ‘ग्व्लेदिग’ म्हणजे नेमके कोण? हा शब्द ‘ग्व्लाद’ म्हणजे ‘देश’ या शब्दापासून आला आहे. आयरिश भाषेत त्याचा जो सोयरा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘राजसत्ता’ असा होतो. तेव्हा ‘देशाचा धनी’ किंवा ‘सत्ताधीश’ एवढे म्हणता येते. सर जॉन ऱ्हिस या एकोणिसाव्या शतकातील पंडिताने या पदवीचा संबंध रोमन सेनापतिपदाशी जोडला. रोमन फौजा निघून गेल्यावर ते पद स्थानिक वीरांकडे आले, असे त्याचे म्हणणे. कल्पना मोहक आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. मध्ययुगीन धार्मिक कवितेत तर देवालाही हीच पदवी लावलेली दिसते. तेथे सेनापतिपदाचा प्रश्नच येत नाही. आणि काळाची थट्टा अशी, की आजच्या वेल्शमध्ये ‘ग्व्लेदिग’ म्हणजे केवळ ‘ग्रामीण’! सम्राटाची पदवी आता खेडेगावातल्या शाळेला आणि रस्त्याला लागते.

स्तंभावरील लेखात आणखी एक नाव होते, ‘ग्वार्थिगिर्न’. इंग्रजी इतिहासात तो व्हॉर्टिजर्न म्हणून बदनाम आहे. सॅक्सन लोकांना ब्रिटनमध्ये बोलावून घेणारा राजा तो हाच, अशी परंपरा आहे. नावाचा अर्थ ‘सर्वांवरचा अधिपती’ असा होतो. त्यामुळे हे माणसाचे नाव की पदवी, यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते ते नावच असावे. कारण त्याच घडणीची नावे इतरत्रही आढळतात; ग्लासगो शहराचे आश्रयदाते संत केंटिगर्न यांच्या नावातही ‘अधिपती’ हाच शब्द दडलेला आहे.

‘पेनड्रॅगन’ ही पदवी राजा आर्थरच्या पित्यामुळे जगभर पोहोचली. मॉनमथचा जेफ्री या लेखकाने इ.स. ११३६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात तिचा अर्थ ‘ड्रॅगनचे मस्तक’ असा दिला. तो पटावा म्हणून आकाशात ड्रॅगनच्या आकाराचा धूमकेतू दिसल्याची कथाही त्याने सांगितली. वेल्श कवींना विचारले असते तर उत्तर सोपे होते. त्यांच्या काव्यात ‘ड्रॅगन’ म्हणजे शूर योद्धा आणि ‘पेन’ म्हणजे शिर किंवा प्रमुख. तेव्हा ‘योद्ध्यांचा प्रमुख’ एवढाच त्याचा अर्थ. मराठीत आपण पराक्रमी पुरुषाला सिंह म्हणतो. उद्या कोणी ‘नरसिंह’ या आडनावावरून घराण्यात आयाळ होती असे म्हणू लागला, तर जसे होईल, तसेच हे झाले. हा जेफ्री पुढे ११५२ साली सेंट असाफ धर्मप्रांताचा बिशप झाला. धर्मगुरूंच्या हातूनही शब्दांच्या बाबतीत अशा गफलती होतात, हे लिहिताना मी स्वतःलाही त्यातून वगळत नाही.

काही शब्द हरवत नाहीत, पण घर बदलतात. राजा हिवेल दा याच्या नावाने प्रसिद्ध असलेले वेल्श कायदे तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत आढळतात. हिवेल इ.स. ९२८ मध्ये रोमची यात्रा करून आला होता. या कायद्यांत राजदरबारातील चोवीस अधिकाऱ्यांची यादी आहे आणि तिच्यात ‘तेइली’चा प्रमुख व ‘तेइली’चा धर्मगुरू यांचा समावेश आहे. आज ‘तेइली’ म्हणजे कुटुंब. त्यामुळे हा कुटुंबाचा धर्मगुरू, असे आजच्या वाचकाला वाटेल. परंतु शब्दाचे दोन भाग आहेत, ‘घर’ आणि ‘सैन्य’. राजाच्या घरी राहणारी, त्याच्या ताटात जेवणारी लढाऊ तुकडी म्हणजे जुनी ‘तेइली’. तो धर्मगुरू तलवारी बाळगणाऱ्या या तरुणांसाठी मिस्सा अर्पण करीत असे. मिस्सेला वेल्शमध्ये ‘ओफेरेन’ म्हणतात; ‘अर्पण करावयाचे’ या लॅटिन शब्दाचे ते रूप आहे आणि धर्मगुरूचे नाव ‘ओफेइरियाद’ हे त्यापासूनच बनले. त्याच दरबारातील युवराजाची पदवी ‘एडलिंग’ तर शत्रुपक्षाच्या, म्हणजे इंग्रजांच्या, जुन्या भाषेतून घेतलेली आहे.

‘माबिनोगी’ या शब्दाने मात्र विद्वानांना खरोखर हरवले आहे. वेल्श साहित्याचा मुकुटमणी असलेल्या चार कथाशाखांचे हे नाव. ‘माब’ म्हणजे मुलगा, एवढे निश्चित. मग ही बालपणाची कथा काय? या मताला आधार आपल्याच परंपरेतून मिळतो. प्रभू येशूच्या बालपणाविषयीचे एक अप्रमाण शुभवर्तमान मध्ययुगात लॅटिनमधून वेल्शमध्ये आले, तेव्हा त्याला ‘येशू ख्रिस्ताची माबिनोगी’ असे नाव दिले गेले. अडचण अशी, की चार शाखांमध्ये कोणत्याही एका नायकाचे बालपण सलगपणे येत नाही. १९७० च्या दशकात एरिक हॅम्प या भाषाशास्त्रज्ञाने नवा मार्ग सुचवला. हे नाव ‘मापोनोस’ म्हणजे ‘दिव्य पुत्र’ या प्राचीन केल्टिक देवाशी जोडलेले असावे, असे त्याचे मत. सर्वांना ते पटलेले नाही. ‘माबिनोगियन’ हे आज सर्वत्र रूढ असलेले रूप तर हस्तलिखितात एकाच ठिकाणी येते आणि ती लेखनिकाची चूक समजली जाते. लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात आपल्या इंग्रजी भाषांतराला ते नाव दिले आणि चूक अमर झाली.

चूक निराळी आणि बनवाबनवी निराळी. अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम ओवेन प्यू यांनी मोठा वेल्श शब्दकोश प्रसिद्ध केला. प्रत्येक शब्दाचे लहान तुकडे केले की मानवजातीची आदिभाषा सापडते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे कोशात कल्पित अर्थांची भर पडली. त्यांचे मित्र योलो मोर्गानुग हे थोर कवी, पण त्यांनी स्वतःच्या रचना प्राचीन म्हणून खपवल्या. १७९२ साली त्यांनी लंडनमध्ये ‘गोर्सेद’ नावाची कविसभा भरवून तिला प्राचीनत्वाचा मुलामा दिला. जुन्या कथांत ‘गोर्सेद’ म्हणजे टेकाड. बनावट उघड होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तोवर अनेक प्रामाणिक माणसांनी ते खरे मानून त्यावर ग्रंथ लिहिले होते.

आता आपल्याला अधिक जवळचा प्रश्न. दक्षिण वेल्समध्ये मर्थर टिडफिल हे एकेकाळी लोखंडाच्या भट्ट्यांसाठी गाजलेले शहर आहे. ‘मेर्थिर’ म्हणजे आजच्या वेल्शमध्ये रक्तसाक्षी. परंपरा सांगते की ब्रिखान राजाची कन्या टिडफिल हिला पाचव्या शतकात मूर्तिपूजकांनी ठार मारले. २३ ऑगस्ट हा तिचा सण. परंतु तिचे मध्ययुगीन चरित्र उपलब्ध नाही. स्थलनामांचे अभ्यासक दाखवून देतात की गावांच्या नावांत येणारा ‘मेर्थिर’ हा शब्द लॅटिन ‘मार्तिरियुम’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ संताचे अवशेष जपणारे स्थान किंवा पवित्र दफनभूमी असा होऊ शकतो. तसे असेल, तर ‘मर्थर टिडफिल’ म्हणजे ‘टिडफिलचे समाधिस्थान’ एवढेच उरते. शब्दाचा जुना अर्थ विसरल्यावर लोकांनी नावातूनच हौतात्म्याची कथा काढली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे वाचून एखाद्या भाविकाचे मन खट्टू होईल. संताचे रक्त आपण शब्दकोशाने पुसून टाकतो आहोत काय? मला तसे वाटत नाही. टिडफिल नावाच्या एका स्त्रीची कबर इतकी पवित्र मानली गेली की तिच्याभोवती गाव वसले आणि दीड हजार वर्षे तिचे नाव टिकले. हे या अर्थातही शाबूत राहते. ती रक्तसाक्षी नव्हती असेही कोणी सिद्ध केलेले नाही. फक्त जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याप्रमाणे वेदीवरून सांगू नये. संतचरित्रांची चिकित्सा करण्याचे काम सतराव्या शतकापासून बोलांडिस्ट येशूसंघीयांनी याच भूमिकेतून केले आणि त्यासाठी पुष्कळ रोषही पत्करला.

‘ल्लान’ या शब्दाने सुदैवाने आपला जन्मदाखला जपून ठेवला आहे. वेल्समधील शेकडो गावांची नावे या शब्दाने सुरू होतात आणि तेथे त्याचा अर्थ ‘चर्च’ होतो. ‘ल्लानवायर’ म्हणजे मरियेचे चर्च. मूळ अर्थ मात्र कुंपण घातलेली जमीन. ‘पेर्ल्लान’ म्हणजे फळबाग, ‘ग्विनल्लान’ म्हणजे द्राक्षमळा, ‘कोरलान’ म्हणजे मेंढवाडा. आधी कुंपण, मग त्यातली दफनभूमी, मग तेथे उभे राहिलेले चर्च. इमारतीसाठी ‘एग्लुइस’ हा दुसरा शब्द आहे. तो ग्रीक-लॅटिन ‘एक्लेसिया’वरून आला. पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेली ‘इगर्जी’ ही त्याच शब्दाची धाकटी बहीण.

या भाषेच्या अभ्यासात एका कॅथलिक धर्मगुरूचाही वाटा आहे. राणी एलिझाबेथच्या काळात मायदेश सोडावा लागलेले ग्रिफिद रोबर्ट हे मिलान येथे संत चार्ल्स बोरोमिओ यांचे पापनिवेदन ऐकत असत. १५६७ साली त्यांनी मिलानमध्येच वेल्श भाषेचे व्याकरण छापले. त्याच राजवटीत इंग्लंड सोडलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि कोंकणीचे व्याकरण लिहिले.

आज शब्दाचा अर्थ पाहायचा तर वेल्स विद्यापीठाचा ऐतिहासिक कोश हाताशी आहे. त्याचे काम १९२० च्या दशकात सुरू झाले, पहिला भाग १९५० साली निघाला आणि पहिली आवृत्ती २००२ साली पूर्ण झाली. २०१४ पासून तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्यात ‘ग्विन’ हा छोटासा शब्द जरूर पाहावा. अर्थ ‘पांढरा’, तसाच ‘धन्य’ आणि ‘पवित्र’ही. डोंगरावरील प्रवचनातील ‘धन्य’ या शब्दासाठी वेल्श शुभवर्तमानात जो वाक्प्रचार येतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘त्यांचे जग शुभ्र आहे’ असा आहे. वेल्श माणूस तो उच्चारताना रंगाचा विचार करीत नाही. पेंटेकॉस्टच्या सणाला मात्र तो ‘सिलग्विन’ म्हणजे ‘शुभ्र रविवार’ म्हणतो. त्या दिवशी बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या पांढऱ्या वस्त्रांवरून हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते.