जिओकॅशची चोरी आणि नासधूस

जिओकॅशची चोरी व नासधूस : उपग्रहांकडून मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधण्यासाठी मोकळ्या जागी लपवलेल्या डब्याला जिओकॅश म्हणतात. हा डबा पळवला गेला, फोडला गेला, आतल्या वस्तू लंपास झाल्या किंवा नोंदवही फाडून टाकली गेली, तर खेळाडूंच्या बोलीत त्या सगळ्याला एकच शब्द आहे. डबा ‘मगल झाला’, असे ते म्हणतात. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत जादू न येणाऱ्या साध्या माणसाला मगल म्हटले आहे. जिओकॅशिंगवाल्यांनी तो शब्द उचलला आणि खेळाची माहिती नसलेल्या कोणत्याही माणसाला लावला. ‘कॅश’ या शब्दाचा रोकडीशी संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून तो आला आहे. तरीही डबा उघडणाऱ्या अनोळखी माणसाला आत पैसे सापडतील असे वाटले, तर त्याला फार दोष देता येत नाही.

या खेळाचा पेचच असा की डब्याचे ठिकाण जगजाहीर असते. खेळाच्या संकेतस्थळावर त्याचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, बहुतेक वेळा एखादी खूणही सुचवलेली असते. डब्याला कुलूप नसते, राखण नसते, आणि लपवणारा माणूस सहसा कित्येक मैल दूर असतो. जगातल्या १९० हून अधिक देशांत मिळून ३० लाखांहून अधिक डबे असे उघड्यावर पडून आहेत. त्यामुळे जिओकॅशिंगमध्ये चोरी पूर्णपणे रोखण्याची भाषा फारशी होत नाही. चोरी लवकर कळावी, नुकसान थोडक्यात आटोपावे आणि नोंद खरी राहावी, यावरच सगळा भर असतो.

इतिहास : अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली अचूकतेतील खोट २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली. तिच्यात नोंदवही, पेन्सिल, पुस्तके, व्हिडिओ, संगणकाची सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा होता. ठिकाण त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा, एवढाच नियम. त्या महिन्याच्या अखेरीस ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले गेले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले, तेव्हा जगात अवघे ७५ डबे होते.

‘घ्या आणि ठेवा’ या नियमातच चोरीची व्याख्या करण्यातली अडचण दडलेली आहे. डब्यातली खेळणी उचलून बदल्यात काहीच न ठेवणे हा असभ्यपणा झाला, पण वस्तू तिथे घेण्यासाठीच ठेवलेल्या असताना त्याला चोरी म्हणता येत नाही. डबा मात्र लपवणाऱ्याच्या मालकीचा राहतो. संकेतस्थळ फक्त त्याची नोंद ठेवते, डब्यावर हक्क सांगत नाही. डब्याची किंमत किरकोळ असते आणि तो बहुधा दुसऱ्याच्या किंवा सरकारी जागेत असतो, म्हणून पोलिसांपर्यंत प्रकरण क्वचितच जाते.

डबा नेणारे कोण : गायब झालेला प्रत्येक डबा चोरांनीच नेलेला असतो असे नाही. बागेत खेळणारी मुले तो उचलतात. सफाई कामगाराला तो कचरा वाटतो. झाडी छाटणारे, पुलाची डागडुजी करणारे, कुंपण बदलणारे आपले काम करून जातात आणि डबा त्यात जातो. पुराचे पाणी त्याला वाहून नेते. खारी आणि उंदीर प्लास्टिक कुरतडतात. अन्नाचा वास आला तर अस्वलासारखी मोठी जनावरेही डबा फोडतात, म्हणूनच आता जिओकॅशमध्ये खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे. खेळाडूंचाही हात असतो. एकाच वाटेने शंभर जण झुडपात शिरले की गवत तुडवले जाऊन पायवाट पडते आणि ती वाट मगलांना थेट डब्यापाशी नेते.

सर्वांत जास्त राग येतो तो खेळाचे सभासद असूनही डबे उचलणाऱ्यांचा. इंग्रजी बोलणारे खेळाडू त्यांना ‘कॅश चाचे’ म्हणतात, आणि चिडले की ‘कॅश मॅगट’, म्हणजे डब्यातली अळी. अशा माणसाला ठिकाण शोधावे लागत नाही, ते त्याच्या फोनवरच असते. एखाद्या भागातले दहा-पंधरा डबे एकाच आठवड्यात नाहीसे झाले आणि त्यांतले काही अवघड जागी असले, तर संशय मुलांवर किंवा सफाई कामगारांवर न जाता आतल्या माणसावर जातो.

प्रोजेक्ट एपची गोष्ट : मौल्यवान वस्तू ठेवली की काय होते, याचा धडा खेळाला दुसऱ्याच वर्षी मिळाला. २००१ मध्ये टिम बर्टन यांच्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सने ‘प्रोजेक्ट एप’ या नावाने जगात ठिकठिकाणी सुमारे डझनभर जिओकॅश लपवले आणि त्यांत चित्रीकरणात वापरलेल्या वस्तू ठेवल्या. त्या वस्तू गेल्या आणि पाठोपाठ बहुतेक डब्यांच्या नोंदीही बंद झाल्या. दहा वर्षांनी दोनच डबे चालू उरले होते. एक ब्राझीलमधील साओ पावलो राज्याच्या जंगलात होता. दुसरा वॉशिंग्टन राज्यातील एका जुन्या रेल्वे बोगद्याजवळ होता आणि त्याचे नाव ‘टनेल ऑफ लाइट’. केवळ हा डबा पाहण्यासाठी माणसे लांबून त्या राज्यातल्या सिएटलला येत. २०११ मध्ये तोही गायब झाला. आत विकण्याजोगे फारसे काही नसतानाही तो गेला, हे खेळाडूंना अधिक झोंबले. नोंद बंद करण्यात आली. काही वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली.

प्रवासी बिल्ले : डब्यापेक्षा जास्त हरवतात त्या डब्यातून डब्यात प्रवास करणाऱ्या वस्तू. ‘ट्रॅव्हल बग’ म्हणजे क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. तो एखाद्या बाहुलीला किंवा किल्लीच्या साखळीला जोडून सोडून देतात. पुढचा खेळाडू तो उचलून दुसऱ्या डब्यात नेतो आणि मालकाला घरबसल्या नकाशावर त्याचा प्रवास दिसतो. ‘जिओकॉइन’ नावाची नाणी तर दिसायलाच देखणी असतात. संग्राहकांना त्यांचा मोह पडतो आणि ती कुणाच्या तरी खणात जाऊन बसतात.

यावरचा तोडगा साधा आहे. बिल्ल्यांची जोडी मिळते. मालक एक घरी ठेवतो, दुसरा सोडतो. सोडलेला हरवला तर उरलेला बाहेर काढून तोच प्रवास पुढे चालू करता येतो. नाण्यांच्या बाबतीत काही जण खरे नाणे घरीच ठेवतात आणि क्रमांक छापलेली प्लास्टिकची चकती किंवा पुठ्ठ्याची प्रतिकृती पाठवतात. डब्यात असल्याचे दाखवले जाते पण प्रत्यक्षात नाही, असा बिल्ला ‘ठिकाण अज्ञात’ या यादीत टाकला जातो, म्हणजे त्याच्या आशेने पुढचा माणूस फुकट पायपीट करत नाही.

चोरी ठरवायची कशी : डबा नाहीसा झाल्याचा पहिला पुरावा म्हणजे ‘सापडला नाही’ अशी नोंद. अनेक नवखे ती करायला लाजतात, पण मालकासाठी तीच सर्वांत उपयोगाची असते. प्रत्येक डब्याला शोधण्याचा अवघडपणा आणि वाटेचा अवघडपणा अशा १ ते ५ च्या दोन श्रेणी असतात. पाच श्रेणीचा डबा चौघांना सापडला नाही, तर ते अपेक्षितच. एक श्रेणीचा डबा लागोपाठ दोघा अनुभवी खेळाडूंना सापडला नाही, तर मालकाने जाऊन पाहायला हवे.

मालकाने लक्ष द्यावे अशी विनंती खेळाडू नोंदीतून करतो. मालक नोंद तात्पुरती थांबवतो, जागेवर जातो, नवा डबा ठेवतो आणि देखभाल केल्याचे लिहितो. त्याचे उत्तरच आले नाही तर संकेतस्थळाचा परीक्षक मध्ये पडतो. हे परीक्षक स्वयंसेवक असतात. ते ठरावीक मुदत देतात आणि मग नोंद कायमची बंद करतात. ही शिक्षा नव्हे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल, अंतर असावे लागते. रिकाम्या जागेची नोंद तशीच राहिली तर तिथे दुसऱ्या कुणाला डबा लपवता येत नाही. ज्यांना तो डबा पूर्वी सापडला, त्यांच्या खात्यातला शोध मात्र कायम राहतो.

वादाचा खरा मुद्दा आहे ‘टाकून देणे’. डबा सापडत नाही म्हणून शोधणाराच खिशातली डबी काढून तिथे ठेवतो आणि ‘सापडला’ असे लिहून मोकळा होतो. हेतू कधी मदतीचा असतो, कधी आकडा वाढवण्याचा. मूळ डबा तिथेच असला तर एका जागी दोन डबे होतात, आणि नसला तर मालकाला चोरी कळतच नाही. म्हणून मालकाच्या परवानगीशिवाय डबा बदलणे गैर मानतात. अपवाद लांबलचक ‘पॉवर ट्रेल’चा. नेवाडातील ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रिअल हायवे’वर हजाराहून अधिक फिल्मच्या डब्या रस्त्याकडेला ओळीने लावलेल्या होत्या. अशा मार्गांवर हरवलेल्या डबीच्या जागी नवी टाका, असे मालक स्वतःच सांगतात. त्या रस्त्यावरचे डबे २०११ मध्ये एकदम गेले, पण ते चोरीने नव्हे. रहदारीच्या सुरक्षिततेसाठी राज्याच्या परिवहन खात्यानेच ते काढायला लावले. पुढे ते रस्त्यापासून दूर पुन्हा लावण्यात आले.

प्रतिबंध : डबा जितका मोठा तितका तो लवकर दिसतो. जंगलात लष्करी दारूगोळ्याची लोखंडी पेटी वर्षानुवर्षे टिकते, शहरात मात्र बोटाच्या पेराएवढी चुंबकी नळी लागते. फिल्मची डबी एके काळी फुकट मिळे, म्हणून ती चोरीला गेली तरी हळहळ नसे. डिजिटल कॅमेरे आल्यावर ती मिळेनाशी झाली, तेव्हा जर्मनीतल्या खेळाडूंनी प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधीचा तिचा जाड नळीसारखा साचा वापरायला घेतला. त्याला ते ‘पेटलिंग’ म्हणतात.

डब्याच्या आत खेळाची ओळख करून देणारी चिठ्ठी ठेवतात, तीही स्थानिक भाषेत. चुकून हाती लागलेला डबा परत जागेवर ठेवावा, एवढीच तिची विनंती असते. काही मालक आपला डबा फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांनाच दिसेल असे करतात. उपटसुंभ त्यामुळे दूर राहतात, चाचे राहत नाहीत. शोधणाऱ्याने आजूबाजूला कुणी नसताना हात घालावा आणि डबा होता तसाच झाकावा, या शिस्तीने मात्र पुष्कळ डबे वाचतात.

सरकारी हस्तक्षेप : काही वेळा डबा कायद्याचे हातच नेतात. १ जुलै २०११ रोजी इंग्लंडमधील वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी संशयास्पद वस्तू ठेवल्याचे कळताच परिसर रिकामा करण्यात आला आणि लष्कराच्या पथकाने ती उडवून दिली. ती निरुपद्रवी जिओकॅश होती. शहरी डबा बाहेरून ओळखता यावा, त्यावर लेबल असावे आणि जमल्यास तो पारदर्शक असावा, हा आग्रह अशा घटनांतून वाढला. मुंबई आणि पुण्यातही जिओकॅश आहेत. ज्या शहरात लोकलच्या फलाटावर बेवारस वस्तूला हात लावू नका अशी घोषणा रोज कानावर पडते, तिथे बाकाखाली चिकटवलेली डबी कुणी पोलिसांना दाखवली तर तो त्याचा नागरी शहाणपणाच ठरतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २४ तासांहून अधिक काळ वस्तू बेवारस सोडता येत नाही, या नियमावर बोट ठेवून वनरक्षकांनी सुरुवातीच्या काळात अनेक डबे उचलले. त्यातून डब्याविना खेळण्याचे प्रकार पुढे आले. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्थकॅश’मध्ये खेळाडू एखाद्या खडकापाशी किंवा दरीपाशी जाऊन तिथल्या भूरचनेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देतो. चोरायला तिथे काहीच नसते. सर्वांत सुरक्षित डबे मात्र रिचर्ड गॅरियट यांच्या नावावर आहेत. एक त्यांनी २००२ मध्ये अटलांटिकच्या तळाशी सुमारे २,३०० मीटर खोलीवर ठेवला आणि दुसऱ्याची नोंद २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका कप्प्यावर केली.

उल्मर यांची काळी बादली आज बीव्हरक्रीकला नाही. त्या जागी २००३ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला. बादलीतला बीन्सचा डबा मात्र टिकला. आजच्या नियमाने तो जिओकॅशमध्ये ठेवताच आला नसता. त्याला ट्रॅव्हल बगप्रमाणे क्रमांक मिळाला असून खेळाडूंच्या मेळाव्यांत तो दाखवायला आणतात.