दूरचित्रवाणीची नांदी

गोष्ट सांगणाऱ्यापुढची पहिली अडचण गोष्टीची नसून श्रोत्यांची असते. माणसे एकदम येत नाहीत, आणि आली तरी मनाने पोहोचलेली नसतात. डिचोली महालातील मुळगावासारख्या गावी जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ असावा. देवळापुढे फेरी भरली आहे, कोणी खाजे बांधून घेत आहे, कोणी जागा शोधीत आहे. मुले केव्हाची पुढे येऊन बसली आहेत आणि वडीलधारी मंडळी अजून घरून निघावयाची आहेत. अशा विखुरलेल्या समुदायाला देव-दानवांच्या जगात न्यावयाचे कसे? दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या आरंभी मिनिटभर जी चित्रे, गीते आणि नावे येतात, त्यांचे प्रयोजन मला याच प्रश्नात दिसते. म्हणून त्यांचा इतिहास सांगावयाचा तर तो देवळाच्या आवारापासूनच सांगावा लागेल.

दशावताराचे दोन भाग असतात: पूर्वरंग आणि आख्यान. पूर्वरंगाला आडदशावतार असेही म्हणतात. पेटाऱ्याची पूजा होते आणि मृदंग, झांज व पायपेटी यांच्या साथीवर सूत्रधार गणपतीचे स्तवन आरंभितो. मग ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा करतो, मोरावर बसलेली सरस्वती येऊन जाते. त्यानंतर ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा संकासुर अवतरतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. कथा म्हटली तर एवढीच. परंतु काळ्या वेषातला, तोंडावर काळा बुरखा चढविलेला हा असुर वेद चोरण्यापेक्षा लोकांची थट्टा करण्यातच अधिक रमतो. देवांशी तो मालवणीत हुज्जत घालतो आणि समोर बसलेल्यांना चिमटे काढतो. पहिला हशा पिकला की फेरीतली माणसे हातातली पुडी सावरीत धावत येतात. गणपती-सरस्वतींकडून खेळाला आशीर्वाद मिळतो खरा, पण प्रेक्षक गोळा करण्याचे काम संकासुराचेच!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आख्यान दर रात्री निराळे असते. पूर्वरंग मात्र तोच. तोच गणपती, तीच सरस्वती, तेच वेदहरण. पुढे काय होणार हे पोरासोरांनाही ठाऊक असते आणि तरीही त्यांना ते हवे असते. ठाऊक असलेल्या वाटेने चालत जाऊन अनोळखी घरात शिरावे, तसा हा प्रकार आहे. मालिकेचे शीर्षकगीतही नेमके हेच करीत आले.

मधली पायरी अर्थातच नाटकाची. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती ही सारी मंडळी रंगभूमीवर होतीच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकाची नांदी रूढ झाली. पुढे ही नांदीही आखडत गेली. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून नाट्यपदे आटोपशीर केली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

चित्रपटाने आरंभी नांदीला फारसा मान दिला नाही. नावांची यादी म्हणजे पाहणाऱ्याला सोसावी लागणारी एक उपाधी, असा समज पाश्चात्त्य देशांतही होता. कित्येक चित्रपटगृहांत नावे संपेपर्यंत पुढचा पडदाही उघडीत नसत. १९५५ साली अमेरिकेत सॉल बास या चित्रकाराने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटासाठी कागद कापून केलेल्या आकृतींतून नावे गुंफली. हे चित्रपट दाखविणाऱ्यांना निर्मात्यांच्या बाजूने सूचना गेली होती, की नावांच्या आधीच पडदा उघडावा. नांदी हा नाटकाचाच भाग आहे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागले नव्हते. तेथे ते लेखी कळवावे लागले.

घरोघरच्या पडद्याची गोष्ट निराळी, आणि तिचे मूळ कानात आहे. आकाशवाणीची पहाटेची धून वॉल्टर काउफमन या युरोपातून आश्रयास आलेल्या संगीतकाराने बांधिली. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाले, तेव्हा त्यालाही असाच एक आरंभस्वर हवा होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी रेखाटलेल्या फिरत्या आकृतीवर सनईचे सूर उमटत, आणि त्या सुरांशी पंडित रविशंकर व उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची नावे जोडलेली आहेत.

पुढे मालिका आल्या. शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'मध्ये आर. के. नारायण यांच्या गावाला त्यांच्याच बंधूंनी, म्हणजे आर. के. लक्ष्मण यांनी, रेषांचे रूप दिले, एल. वैद्यनाथन यांच्या सुरावटीवर ती चित्रे पाहताना प्रत्येकाला आपलाच गाव आठवे. १९८८ साली श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'ने ऋग्वेदातील नासदीय सूक्ताने आरंभ केला. संगीत वनराज भाटिया यांचे आणि सूक्ताचे हिंदी रूप वसंत देव या मराठी लेखकाचे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या 'महाभारता'त तर साक्षात काळच निवेदक होऊन हरीश भिमाणी यांच्या आवाजात बोलू लागला. सूत्रधाराचे हे शेवटचे मोठे दर्शन, असे मी म्हणेन. रविवारी सकाळी हा आवाज कानी आला म्हणजे रस्ते ओस पडत. संकासुराने फेरी रिकामी करावी, तसेच हे.

मराठी शीर्षकगीताचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते पाहण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी अधिक बांधलेले असते. संध्याकाळी मालिका सुरू होते, तेव्हा घरातली बाई चुलीपाशी असते. तिला पहिले चित्र दिसत नाही, पहिला सूर मात्र ऐकू येतो. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनीवर आलेल्या 'आभाळमाया'चे गीत मंगेश कुलकर्णी यांनी लिहिले, देवकी पंडित यांनी गायिले आणि अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केले. देवकीबाई अभिषेकीबुवांच्या शिष्या. पत्की यांनी जाहिरातींसाठी असंख्य लहान लहान गाणी रचलेली. अर्ध्या मिनिटात मनात घर कसे करावे, ही विद्या त्यांनी तेथे कमावली होती. नाट्यपदाची आटोपशीर ठेवण आणि जाहिरातीची चपळाई यांचा येथे संगम झाला. 'गोट्या', 'वादळवाट' यांची गीतेही पत्की यांचीच. मालिकांतील प्रसंग विसरले गेले, पण त्यांची शीर्षकगीते अजून लोकांच्या ओठी आहेत.

आज ही प्रथा मावळतीला लागली आहे. वेबमालिका पाहणाऱ्यांसाठी नेटफ्लिक्स या कंपनीने २०१७ साली आरंभ वगळण्याची कळच पडद्यावर आणून ठेविली, आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. यासाठी प्रेक्षकाला अरसिक ठरविणे मला पटत नाही. पुनरुक्ती गोड लागावयाची तर तिला अंतर लागते. आठवड्यातून एकदा ऐकलेले गीत ही भेट असते. एकाच बैठकीत आठ भाग पाहताना तेच गीत आठ वेळा आले, तर तो जाच होतो. शिवाय ज्याचा पडदा खिशात आहे, त्याला हाक मारून बोलवावयाचे तरी कोठून? खुद्द दशावतारातही आता अनेक ठिकाणी पूर्वरंग थोडक्यात उरकतात आणि ट्रिकसीनच्या आख्यानाकडे धाव घेतात. तेथेही कळ दाबली गेली आहेच. ती कोणाला दिसत नाही, इतकेच.

मला खंत वाटते ती नावांची. गीत वगळले म्हणजे त्यावरून सरकणारी लेखकाची, संकलकाची, प्रकाशयोजना करणाऱ्याची नावेही जातात, आणि ती दुसऱ्या कोठे फारशी छापून येत नाहीत. अशोक पत्की यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अंतर्नाद' या २००६ सालच्या कोकणी चित्रपटाच्या संगीतासाठी, आणि त्या निमित्ताने गोव्यात त्यांचे नाव पुष्कळांच्या तोंडी झाले. 'आभाळमाया'ची चाल मात्र त्याच्या आधी कित्येक वर्षे येथल्या घराघरांत दिवेलागणीनंतर ऐकू येत होती.