जुन्या संगणकावर लिनक्स

कालबाह्य ठरलेल्या यंत्रावर मुक्त-स्रोत कार्यप्रणाली बसवून ते पुन्हा वापरात आणण्याची पद्धत. वसई-विरारकरांसाठी सुट्या भागांचा जवळचा मोठा बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), लोकलने ग्रँट रोडला उतरावे लागते.

यंत्राचे वय प्रथम प्रोसेसरवरून ठरते. लिनक्स कर्नलने ३.८ आवृत्तीत (२०१३) ३८६ प्रोसेसरचा आधार काढला. डेबियन या लिनक्स-वितरणाचा ३२-बिट पीसी-इन्स्टॉलर १२व्या आवृत्तीपर्यंतच मिळतो. ऑगस्ट २०२५ मधील १३वीत तो नाही. पेंटियम एम या जुन्या लॅपटॉप-प्रोसेसरची गंमत अशी, की काहींत पीएई ही मेमरीचे पत्ते वाढवणारी सोय असूनही ते ती जाहीर करत नाहीत. मग इन्स्टॉलर अडून बसतो आणि बूट करताना ‘फोर्सपीएई’ हा शब्द जोडावा लागतो. यूएसबीवरून बूट न होणाऱ्या यंत्राला सीडीच लागते.

५१२ एमबी मेमरीत अँटीएक्स किंवा पपी लिनक्स बरे चालतात. आधुनिक ब्राउझर मात्र तिथे दम तोडतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो. किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत मेमरीच्या पट्टीचे संपर्कबिंदू काळवंडतात. ते आधी पुसावेत. तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळपाटाने होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. बसवण्यापूर्वी डिस्कवरील फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. इन्स्टॉलर डिस्क पुसू शकतो.