‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य : टिटवाळा ते झरी, १९४५

१/ कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आंबिवलीनंतर टिटवाळा येते. अनेक प्रवासी तिथे गणपतीच्या दर्शनासाठी उतरतात. जानेवारी १९४५ मध्ये मात्र टिटवाळ्याला शेतकरी जमले होते, किसान सभेच्या प्रांतिक अधिवेशनासाठी. माणूस स्वतंत्र असतो म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे एक उत्तर त्या मेळाव्यातून पुढे आले. #थ्रेड

२/ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते. माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. त्यांच्या मुलखात दोन प्रथा होत्या. वेठ म्हणजे जमीनदार बोलावील तेव्हा फुकट राबणे. लग्नगडी म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी नवरा-बायकोने धन्याकडे राबणे. आयुष्य सरे, कर्ज सरत नसे.

३/ कायद्याने हे चालत नव्हते. १८४३ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांत गुलामगिरीची मान्यता संपली होती. १८६० च्या दंडसंहितेत बेकायदा सक्तीची मजुरी हा गुन्हा होता. कागदावर वारली स्वतंत्रच होता. मग तो पारतंत्र्यात होता, असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

४/ तत्त्वज्ञ इसाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले. एक, इतरांची आडकाठी नसणे. दुसरा, स्वतःच्या आयुष्याचे धनी असणे.

५/ फिलिप पेटिट यांनी १९९७ च्या ‘रिपब्लिकनिझम’ या ग्रंथात आणखी एक कसोटी मांडली : आपण कोणाच्या मर्जीवर जगतो का? धनी दयाळू असेल, हात उगारत नसेल. तरी त्याने मनात आणले तर तो केव्हाही उगारू शकतो. अशा धन्याच्या चाकराला आडकाठी जाणवत नाही, तरी तो स्वतंत्र नसतो.

६/ ही कसोटी लग्नगड्याला लावून पाहावी. चांगला जमीनदार मिळणे हे त्याचे नशीब ठरले असते, स्वातंत्र्य नव्हे. त्याला हवे होते ते धन्याच्या स्वभावावर अवलंबून नसलेले जगणे.

७/ २३ मे १९४५. उंबरगाव तालुक्यातील झरी (आज तलासरी तालुका, पालघर जिल्हा). शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत हजारो आदिवासी जमले. ठरले ते असे : वेठ करायची नाही, रोजी बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतात राबायचे नाही, मार खाऊन घ्यायचा नाही, एकजूट मोडायची नाही.

८/ चारही निर्णय ‘नाही’वर संपतात. एकट्या वारल्याच्या ‘नाही’ला चाबकाने उत्तर मिळत असे. हजारोंच्या ‘नाही’पुढे चाबूक अपुरा पडला. इथे संघटना व्यक्तिस्वातंत्र्याच्या आड आली नाही. तिच्याशिवाय ते शक्यच नव्हते. गोदावरीबाईंनी या लढ्यावरील पुस्तकाला नाव दिले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०).

९/ किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. पुढे १९५० च्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली, तर १९७६ च्या कायद्याने कर्जापोटीचे बंधन रद्द केले. झरीची सभा या दोहोंच्या आधीची.

१०/ ‘वेठ’ हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे. संप झाला की आंबिवलीच्या फलाटावरही तेच ऐकू येते : ‘प्रवाशांना वेठीस धरले.’ प्रवाशांचे हाल खरेच असतात. पण ज्यांच्यावर वेठ खरोखर लादली गेली, त्यांनी ती काम थांबवूनच मोडली होती. तो वाक्प्रचार पुढच्या वेळी ओठांवर येईल, तेव्हा झरी आठवावे.